गॅरेजचा कोबा ओला पडतोय, सीलर कोणता मारू? आधी पाणी कुठून येतंय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की दमट हवेत गॅरेजचा काँक्रीटचा कोबा काळपट ओला पडतो, भिंतीच्या कडेने पांढरी पूड जमते, आधीच्या मालकाने मारलेला राखाडी रंग टायर उभे राहतात तिथे पोपडे धरून निघालाय, आणि एक जण म्हणतो इपॉक्सी (वर घट्ट थर धरणारं कोटिंग) मारा तर दुसरा म्हणतो आत जिरणारा सीलर मारा. मग यातलं कोणतं घ्यायचं?

फ्लोअर कोटिंगचं काम बरीच वर्षं करतोय म्हणून सांगतो, या प्रश्नात सीलरचा नंबर शेवटी लागतो. दोन्ही माणसं आपापल्या जागी बरोबर असू शकतात आणि दोन्ही चुकीचीही ठरू शकतात, कारण तुमच्या गॅरेजमध्ये पाणी नेमक्या कुठल्या वाटेने येतंय हे अजून त्या दोघांनाही माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. आणि तुम्ही दिलेल्या वर्णनात मला एक नाही, दोन-तीन वेगवेगळ्या भानगडी एकत्र दिसतायत.

वाटा तीनच असतात. एक म्हणजे खालून, जमिनीतली ओल काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर चढते, काही पाणी म्हणून आणि बरंचसं वाफ म्हणून. दुसरी हवेतून, म्हणजे स्लॅब थंड असतो, बाहेरची गरम दमट हवा त्याच्यावर येते आणि स्लॅबला घाम फुटतो. तिसरी वरून आणि बाजूने, म्हणजे ओल्या गाडीवरून ठिबकणारं पाणी, दाराच्या फटीतून येणारं, भिंत आणि कोबा मिळतात त्या सांध्यातून झिरपणारं, नाहीतर ढाळ उलटा असल्यामुळे आतच साचून राहणारं.

आता पांढऱ्या पुडीचं बघू. तो लोणा आहे. पाणी काँक्रीटमधून प्रवास करताना आतला चुना आणि क्षार विरघळवून घेऊन येतं, वर येऊन पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. नुसत्या घामाने असा लोणा जमत नाही, म्हणजे तुमच्याकडे काही ना काही पाणी काँक्रीटच्या आतून येतंय हे नक्की. आणि तो फक्त कडेनेच जमत असेल तर माझा पहिला संशय स्लॅबच्या खालच्या जमिनीवर नसून भिंतीच्या बाहेरच्या बाजूवर आहे. पन्हळीचा पाइप तिथेच भिंतीच्या पायाशी सुटतोय का, बाहेरची माती किंवा बागेचा वाफा जोत्याला टेकलाय का, बाहेरच्या जमिनीचा उतार घराकडे आहे का, हे पाऊस चालू असताना बाहेर उभं राहून बघा. जमीन भिंतीपासून लांब उतरती हवी, पहिल्या ३ मीटरमध्ये साधारण १५ सेंटिमीटर उतार मिळाला तर उत्तम. पन्हळीचं पाणी पाइप जोडून लांब सोडलं की कडेची ओल बऱ्यापैकी कमी झाली असं मी पुष्कळ ठिकाणी बघितलंय, आणि तिथे आत सीलर मारायच्या आधीच निम्मं काम झालेलं असतं.

रंगाच्या पोपड्यांचं कारण मात्र वेगळं असू शकतं. गाडी चालून आली की टायर गरम असतात, त्या उष्णतेने पातळ रंग मऊ पडतो, टायर गार होताना आकसतं आणि रंगाला धरून उचलतं. म्हणजे फक्त टायरच्याच जागी निघालाय आणि बाकी सगळीकडे घट्ट आहे, तर दोष ओलीपेक्षा रंगाच्या जातीत आणि खालच्या तयारीत जास्त आहे. पण एक पोपडा उचलून उलटा करून बघाच. मागे सिमेंटची राखाडी पावडर चिकटून आली असेल तर कोब्याचा वरचा थरच कमजोर होता, रंगाने त्यालाच धरलं आणि तो थर सोबत निघाला. मागची बाजू एकदम स्वच्छ गुळगुळीत असेल तर रंगाने काँक्रीटला पकडलंच नव्हतं, बहुतेक कोबा न घासता मारला किंवा खाली तेल होतं. आणि मागे पांढरे क्षार दिसले किंवा खालचा कोबा ओलसर लागला तर खालून येणाऱ्या ओलीनेच तो ढकललाय. कोणी काही विकत घ्यायला सांगायच्या आधी ही दोन मिनिटांची तपासणी करा.

पुढची तपासणी प्लास्टिकची. जाडसर पारदर्शक प्लास्टिकचा ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा तुकडा घ्या, रंग पूर्ण निघालेल्या उघड्या काँक्रीटवर ठेवा आणि चारही कडा चांगल्या चिकटपट्टीने हवा जाणार नाही अशा बंद करा. कमीत कमी १६ तास तसाच राहू द्या, मी तर पूर्ण दिवस-रात्र ठेवतो. एकाच जागी करू नका, एक तुकडा भिंतीजवळ, एक मध्ये, एक दाराजवळ असे लावा आणि ऊन थेट पडेल तिथे लावू नका. उचलल्यावर प्लास्टिकच्या आतून थेंब असतील किंवा खालचा कोबा काळा पडला असेल तर ओल खालून येतेय. प्लास्टिकच्या वरून पाणी आणि आत कोरडं असेल तर तो हवेतला घाम आहे. दोन्हीकडे ओलं असणंही शक्य आहे, तुमच्याकडे तसंच निघालं तर मला नवल वाटणार नाही. गॅरेजमध्ये रबराची मॅट किंवा पुठ्ठ्याचे खोके बरेच दिवस पडून असतील तर ते उचलून खाली बघा, तिथे हीच तपासणी आपोआप झालेली असते.

या तपासणीची एक मर्यादा लक्षात ठेवा. ओल दिसली तर ओल आहेच, पण दिसली नाही म्हणजे कधीच येणार नाही असं नाही. कोरड्या दिवसांत केलेल्या तपासणीवर विसंबून इपॉक्सी मारायचा आणि पावसाळ्यात फुगे मोजत बसायचं, हे मी लोकांच्या घरी फार वेळा बघितलंय. तपासणी ओल्या दिवसांतच करा.

तपासणी झाली आणि घामच निघाला असं समजू. मग कुठलाही सीलर तो थांबवणार नाही, उलट थोडा त्रास वाढेल, कारण उघडा कोबा तेवढं पाणी पिऊन घेतो आणि सील केलेल्या कोब्यावर तेच पाणी वर पसरून राहतं आणि पाय घसरतो. इथे उपाय हवेचा आहे. लोक घाम दिसला की दार सताड उघडतात, पण बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम आणि दमट असेल तर तुम्ही आणखी पाणी आत घेताय. बाहेर कोरडं असेल तेव्हा उघडा, बाकी वेळ बंद ठेवून पंखा किंवा डिह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) चालवा.

खालून ओल येते असं निघालं तर मुळात स्लॅबखाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला नसण्याची किंवा ओतकामात तो फाटला असण्याची शक्यता मोठी. स्लॅब ओतल्यावर तो घालता येत नाही, त्यामुळे आता जे करायचं ते वरूनच. आणि इथेच इपॉक्सी की जिरणारा सीलर याचं खरं उत्तर लपलंय.

उघड्या कोब्यातून ओल सारखी वर येत असते आणि उडून जात असते, त्यामुळे वरचा भाग तुलनेने कोरडा आणि खालचा ओला राहतो. तुम्ही वर घट्ट पडदा टाकला, म्हणजे इपॉक्सी किंवा तसला रंग, की उडून जायची वाट बंद होते. मग ओल स्लॅबमध्ये वर-खाली सारखी पसरते आणि पडद्याच्या अगदी खाली येऊन थांबते, सोबत सिमेंटमधले अल्कली क्षार घेऊन. ताज्या काँक्रीटचा पीएच, म्हणजे क्षारपणाचा आकडा, १२-१३ असतो, इतका तीव्र क्षार कोटिंगच्या मुळाशी सतत बसला तर साधी कोटिंग पकड सोडते, फुगे येतात आणि फुगा फोडला की आत पाणी निघतं. म्हणून इपॉक्सी मारायच्या आधी वरवर हात लावून कोबा कोरडा लागतो का हे बघणं काही कामाचं नाही. मोजणी करायची तर स्लॅबमध्ये भोक पाडून आत प्रोब, म्हणजे ओल मोजणारी नळी, बसवून आर्द्रता मोजतात, आणि एकाच बाजूने सुकणाऱ्या स्लॅबमध्ये हे भोक जाडीच्या ४० टक्के खोलीवर घेतात, कारण वर झाकण पडल्यावर पडद्याखाली किती ओल येईल याचा अंदाज त्या खोलीवर मिळतो. ही तपासणी कोटिंगवाल्याकडून करून घ्या आणि आकडा त्या मालाच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, दिलेल्या मर्यादेशी ताडून बघा, मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी असते. जो कंत्राटदार मोजल्याशिवाय इपॉक्सीची गॅरंटी देतो त्याला काम देऊ नका.

आता सीलर.

सिलेन आणि सिलोक्सेन हे आत जिरणारे. ते काँक्रीटच्या छिद्रांच्या भिंतींना रासायनिक रीतीने चिकटतात, छिद्र बुजवत नाहीत पण त्याला पाणी धरू देत नाहीत, म्हणजे वरून पडलेलं पाणी आत शिरत नाही आणि खालून येणारी वाफ मात्र बाहेर जात राहते. पडदा नाही म्हणून पोपडे निघायचा प्रश्नच नाही. सिलेनचा रेणू लहान, तो खोल जातो आणि घोटून गुळगुळीत केलेल्या घट्ट कोब्यात चांगला चालतो, सिलोक्सेन मोठा, तो वरच्या भागात राहतो, आणि बाजारात दोघांचं मिश्रणही मिळतं. गाड्यांचे मोठे पार्किंग डेक आणि पुलांचे स्लॅब मीठ आणि पाण्यापासून वाचवायला सिलेन वापरतात, म्हणून बर्फाच्या भागात रस्त्यावरचं मीठ गाडीसोबत आत येत असेल तर माझ्या मते याला तोड नाही. पण याची मर्यादाही ऐका. दाबाने वर येणारं पाणी हा थांबवत नाही, तेलाचे डाग साधा सिलेन अडवत नाही, आणि कोबा दिसायला होता तसाच राहतो, चमक वगैरे काही येत नाही.

सोडियम किंवा लिथियम सिलिकेट म्हणजे ज्याला हार्डनर किंवा डेन्सिफायर म्हणून विकतात, ते काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी मिळून कडक पदार्थ तयार करतं. कोब्याची धूळ उडत असेल, पृष्ठभाग भुसभुशीत असेल तर छानच, पण त्याला वॉटरप्रूफिंग समजू नका. डब्यावर काहीही छापलेलं असो, याने पाणी शोषणं थोडं कमी होतं, थांबत नाही.

अ‍ॅक्रिलिक सीलर स्वस्त, मारायला सोपा, रंग उठावदार दिसतो, पण पातळ पडदा आहे, गरम टायरखाली तुमच्या आताच्या रंगाचीच गत होणार. गाडी उभी करायची असेल तर मी तो सांगत नाही.

राहता राहिलं इपॉक्सी. तेल, पेट्रोल, घासणं यापुढे टिकणारं, पुसायला सोपं, दिसायला सुंदर, मला स्वतःला इपॉक्सीचं काम करायला आवडतं. पण ओल जास्त असलेल्या कोब्यावर साधं इपॉक्सी नाही, तर ओल रोखण्यासाठीच बनवलेला शंभर टक्के सॉलिड्सचा, म्हणजे ज्यातलं काही उडून जात नाही असा, खास प्रायमर (पहिला हात) आधी लागतो, तो बऱ्यापैकी जाड एकसारखा बसवावा लागतो आणि खालचा कोबा मशीनने खरवडून सँडपेपरसारखा खरखरीत करावा लागतो. हा सगळ्यात महागडा आणि सगळ्यात कमी चुका माफ करणारा रस्ता आहे, घरी स्वतः करण्यासारखा नाही. दारातून ऊन आत येत असेल तर इपॉक्सी पिवळं पडतं, त्यामुळे वरचा हात पॉलियुरेथेन किंवा पॉलीअस्पार्टिक या उन्हात टिकणाऱ्या कोटिंगचा द्यावा लागतो. आणि कुठलाही पडदा मारताना कोब्याचं तापमान दवबिंदूच्या, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन बसते त्याच्या, कमीत कमी ३ अंश सेल्सियस वर हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारा घाम खालीच अडकतो.

तुमच्या वर्णनावरून मी काय करेन? बाहेरचं पाणी लांब काढेन, रंग पूर्ण काढेन, सांधे भरेन आणि सिलेन-सिलोक्सेन मारेन. नंतर एक पूर्ण ओला हंगाम जाऊ देऊन बघेन. पण इथे थांबून एक गोष्ट ठरवा, पुढे कधीही इपॉक्सी करायचाच असं मनात असेल तर आत्ता सिलेन मारू नका, कारण पाणी झटकणाऱ्या त्या पृष्ठभागावर इपॉक्सीही पकडत नाही आणि मग जिथवर सिलेन गेलाय तिथवर घासून काढावं लागतं.

तयारीबद्दल आता जरा सविस्तर, कारण काम इथेच बिघडतं. जिरणाऱ्या सीलरला उघडी छिद्रं लागतात, रंगाचा थोडा पापुद्रा जरी राहिला तरी तिथे तो आत जाणार नाही. अ‍ॅसिडने रंग निघत नाही, ग्राइंडरला डायमंड कप (हिऱ्याचे कण बसवलेली घासायची चकती) लावून घासावा लागतो. व्हॅक्यूम जोडल्याशिवाय आणि चांगला मास्क लावल्याशिवाय काँक्रीट घासू नका, त्या धुळीतली बारीक सिलिका फुप्फुसात बसते आणि ते नुकसान भरून येत नाही. रंग फार जुना असेल तर त्यात शिसंही असू शकतं, तपासून घेतल्याशिवाय तो कोरडा घासायचाच नाही. तेलाचे डाग असतील तर ते घासायच्या आधी डिग्रीझरने काढा, नाहीतर तेल आणखी पसरतं.

लोणा आधी कोरड्या कडक ब्रशने झाडून व्हॅक्यूमने उचला. लगेच पाणी मारून धुतलात तर क्षार विरघळून परत आत जातात आणि पुढच्या वेळी पुन्हा वर येतात. उरलेल्या डागाला सौम्य अ‍ॅसिड लावता येतं, नेहमी पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने त्याचा जोर मारा आणि भरपूर धुवा. आणि धुतल्यावर कोबा पुन्हा ओला झालाय हे विसरू नका, काही दिवस सुकू द्या. सिलेनला काँक्रीटशी जुळायला किंचित ओल चालते पण पाण्याने भरलेल्या छिद्रात तो शिरणारच कसा?

सगळं साफ झाल्यावर ठिकठिकाणी पाण्याचे चार थेंब टाका. मिनिटभरात जिरून डाग काळा पडला तर कोबा सीलर प्यायला तयार आहे. थेंब मण्यासारखा वर बसून राहिला तर तिथे तेल आहे किंवा जुनं सीलर, परत घासा.

सांधे आणि भेगा सीलरच्या आधी भरायच्या, कारण सिलेन लागलेल्या कडांना सीलंट चिकटत नाही. न हलणारी जुनी बारीक भेग इपॉक्सीने भरली तर चालते. पण काँक्रीटमध्ये मुद्दाम कापलेले सांधे आणि भिंतीलगतचा सांधा हे हलतात, तिथे कडक माल घालू नका, फोमची दोरी आत बसवून वर पॉलियुरेथेन सीलंट भरा आणि डब्यावर लिहिलंय तेवढे दिवस वाळू द्या. भिंतीलगतच्या सांध्यातून पावसात पाणी अक्षरशः आत वाहत असेल तर मात्र हे सीलंट तात्पुरतं आहे, तिथे बाहेरून खणून निचऱ्याची सोय करणं हाच इलाज.

मारताना कमी दाबाचा हातपंप घ्या, कोबा चमकेपर्यंत भिजवा, पहिला हात ओला असतानाच दुसरा मारा आणि जिथे डबकं राहील तिथे रोलर फिरवून पसरवा, नाहीतर तिथे चिकट डाग उरतो. सॉल्व्हंटवाला, म्हणजे पेट घेणाऱ्या द्रवात मिसळलेला, माल असेल तर दार उघडं आणि गॅरेजमधला गॅसचा गीझर वगैरे पूर्ण बंद, ठिणगीसुद्धा नको. पुढचे २४ तास पाणी नाही, गाडी कधी आणायची ते डब्यावर बघा.

कोबा नवा असेल तर हे सगळं लांबवा. २८ दिवस हे काँक्रीटला ताकद येण्याचे, सुकण्याचे नाहीत. सुकायला त्यानंतर साधारण दर २५ मिलिमीटर जाडीला एक महिना धरतात, तोही हवा कोरडी असेल तर आणि खाली प्लास्टिक असेल तर. तुमचा जुना दिसतोय म्हणून ही अडचण नसावी.

ढाळाचंही बघून घ्या. दाराकडे मीटरला १ ते २ सेंटिमीटर ढाळ हवा. बादलीभर पाणी ओतलं आणि ते मध्येच साचलं तर सीलर असूनही तिथे गाडीचं पाणी दिवसभर उभं राहणार, तो भाग आधी दुरुस्त करा.

पुढे वर्षातून एकदा त्याच चार थेंबांनी तपासा, विशेषतः टायरच्या रेषेत आणि दारापाशी, तिथे सीलर आधी झिजतो. थेंब जिरायला लागले की कोबा धुऊन वाळवून तेवढ्याच भागावर पुन्हा एक हात मारला तरी चालतो, कारण काढून टाकायला पडदा काही नसतो.

आता प्लास्टिकची तपासणी करा आणि तिन्ही जागी काय निघालं, पोपड्याची मागची बाजू कशी आहे आणि पन्हळीचं पाणी कुठे पडतं, एवढं लिहा. मध्यभागीही खालून ओल निघाली तर माझं उत्तर थोडं बदलेल, फक्त कडेलाच निघाली तर वर सांगितलंय तेच करा आणि बाहेरच्या बाजूपासून सुरुवात करा.